चटणीच्या पार्सलांसाठी लेबल प्रिंटर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचं मत

आधी निकाल सांगते. पार्सलं पाठवायचा तुमचा धंदा असेल आणि माल तेलकट असेल, तर हे यंत्र जरूर घ्या. पण यंत्राच्या आधी त्यात घालायचा कागद निवडा. चार इंची थर्मल लेबल प्रिंटर कुठल्याही कंपनीचा घेतला तरी काम जवळपास सारखंच करतो. फरक पडतो तो रोलनं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही आणि ऑनलाइन मतं वाचली तर सगळे स्पीडबद्दलच बोलतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी कांदा-लसणाची चटणी होते. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, वर तेलात तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ. भाजणं-तळणं जाऊबाईंकडं, मिरची कुटायच्या डंकावर उभं राहायचं कामही त्यांचंच. पॅकिंग, पत्ते आणि हिशेब माझ्याकडं. गिऱ्हाईक बहुतेक बाहेरगावचं: पुणे, ठाणे, बेंगळुरू, हैदराबाद. लग्न होऊन गेलेल्या मुली, नोकरीला गेलेली पोरं. पूर्वी ही चटणी एस.टी.च्या पार्सलनं, रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून, नाहीतर पुण्याला निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून जायची. आता कुरिअरनं जाते. कुरिअरनं पाठवायची म्हणजे तिच्यावर बारकोडचं लेबल आलं.

लेबल प्रिंटरचा खरा फायदा वेळेचा नाही. वेळ वाचतो, पण मी हे यंत्र पत्त्यासाठी ठेवलंय. आधी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, तो वहीत उतरवायचा, वहीतून मार्करनं खोक्यावर, आणि काउंटरवरचा माणूस खोका बघून पुन्हा कॉम्प्युटरात टाईप करायचा. एक पत्ता इतक्या हातांतून गेला की कुठंतरी एक आकडा हलणारच. आणि आकडा हलला तर पार्सल भलत्याच गावाला जातं, कारण हबमध्ये, म्हणजे कुरिअरवाले पार्सलं गावोगावची वेगळी करतात तिथं, पत्ता कोणी वाचत बसत नाही, पिनकोडवरून वाट ठरते. ४११ म्हणजे पुणे. त्याचं ४४१ झालं की खोका नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला निघाला. आता गिऱ्हाईक स्वतःचा पत्ता स्वतः फॉर्मवर भरतं, तोच लेबलवर उतरतो. मधे कुणी काही लिहीत नाही. पत्ता चुकल्यामुळं परत येणारी पार्सलं आमच्याकडं जवळजवळ थांबली.

हा पिनकोड मुळात एका मराठी माणसाचं काम आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची सहा आकड्यांची पद्धत देशभर सुरू झाली. इंटरनेटचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आज करोडोंची सॉर्टिंग मशीन बसवलेल्या कंपन्यासुद्धा पहिली वाटणी त्याच सहा आकड्यांवर करतात. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि आकडे नीट छापायचं भानही राहतं.

आता यंत्राबद्दल. आकार साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. ह्यात शाई नाही, टोनर नाही, रिबन नाही. आत एक पट्टी असते, तिला हेड म्हणतात. तिच्यात बारीक बारीक ठिपके तापतात, बहुतेक यंत्रांत एका मिलीमीटरला आठ. लेबलच्या कागदावर रसायनाचा थर असतो आणि जिथं ठिपका तापला तिथं तो थर काळा होतो. एवढंच काम. ओळखायची खूण सांगते: लेबलवर नखानं जोरात रेघ ओढा, काळी उमटली तर थर्मल कागद. एटीएमची पावती असते त्याच जातीतला. ती पावती पाकिटात ठेवून काही महिन्यांनी काढली की कोरी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि नेमकी इथंच चटणीवाल्यांची पंचाईत आहे.

आमच्या चटणीत तेल भरपूर. ती पाऊचमध्ये भरली, दोनदा सील केली, वरून दुसरी पिशवी घातली, तरी उन्हाळ्यात तेल वाट काढतंच. बंद गाडीत दुपारभर खोका राहिला की आतलं तेल पातळ होतं आणि सीलच्या कोपऱ्यातून पाझरतं. पुठ्ठा ते शोषतो. लेबल त्याच पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. तेल लागलं की थर्मल कागदावरची छपाई उडायला लागते. बारकोडच्या रेघा आधी तपकिरी, मग पिवळट, मग काहीच नाही. पहिल्या उन्हाळ्यात प्रिंटरबरोबर आलेला साधा रोल होता. त्यातली काही पार्सलं वाटेत अडकली. ट्रॅकिंगवर तेच ते ठिकाण दिसत राहायचं. एका कुरिअरच्या हबमधून फोन आला की लेबल वाचता येत नाही, नंबर सांगा. फोन आला हे नशीब. सगळीकडून येत नाही.

मग मी दोन तऱ्हेचे रोल आणून घरीच बघितलं. एक साधा, आणि एक वरून संरक्षक थर दिलेला, ज्याला दुकानात टॉप-कोटेड म्हणतात. दोन्हींवर एकच बारकोड छापला. चटणीच्या बरणीवर तरंगणारं तेल बोटानं दोन्ही लेबलांना लावलं आणि गच्चीवरच्या पत्र्यावर मे महिन्याच्या उन्हात ठेवून दिली. संध्याकाळी साध्या लेबलचा जिथं तेल लागलं तो भाग फिका पिवळा पडलेला, रेघा शोधाव्या लागत होत्या, आणि बाकीचा कागद उन्हानं करडा झालेला. करड्यावर काळं, स्कॅनर काय वाचणार? थर दिलेलं लेबल फडक्यानं पुसलं. लाल डाग राहिला, पण रेघा जशाच्या तशा. मोबाईल समोर धरला तर नंबर लगेच आला. तेव्हापासून घरात दुसरा रोल येत नाही. लेबलमागं काही पैसे जास्त पडतात. पण एक किलो चटणी परत येण्याचा खर्च, गिऱ्हाइकाचा हिरमोड आणि जाऊबाईंच्या दोन दिवसांच्या कष्टाची माती, ह्याच्यापुढं ते काहीच नाहीत.

आणखी एक महत्त्वाचं. बारकोडवरून पारदर्शक टेप मारू नका. लेबल जपायला म्हणून बरेचजण मारतात. टेपचा चिकट थरही थर्मल छपाईला खातो, आणि तिची चमक स्कॅनरला त्रास देते. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडलेली असते, तीसुद्धा स्कॅनरला लागते. म्हणून लेबल खोक्याच्या कडेवर दुमडायचं नाही, सपाट बाजूवरच लावायचं. आम्ही आता पाऊच उभा ठेवतो आणि लेबल वरच्या बाजूला, सीलपासून जितकं लांब जमेल तितकं.

पिकअपला येणारा मुलगा पाचगावचा. गाडीवर मागं एवढी मोठी पिशवी, हातात मोबाईल. त्याचं सगळं काम त्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर. लेबल वाचलं नाही तर लांबलचक नंबर हातानं टाईप करायचा, तोही भर रस्त्यात, पावसात हात ओले असताना. एकदा म्हणाला, "काकी, तुमची पार्सलं पटापट होत्यात. काही ठिकाणी एकेका खोक्यापाशी पाच-पाच मिनिटं जात्यात, आणि वरून उशीर झाला म्हणून मलाच मेसेज." त्याच्या अ‍ॅपमध्ये त्याचा प्रत्येक थांबा मोजला जातो. आपण नीट लेबल लावलं तर त्याची मिनिटं वाचतात, हे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. तंत्रज्ञान आलं म्हणून त्याचं ओझं हलकं झालेलं नाही, हिशेब मात्र कडक झालाय.

प्रिंटरबरोबर वजनकाटाही घ्या. ह्याचं कारण जाऊबाईंच्या कुरडया. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन, यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन काढायची रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, तिघांचा गुणाकार, भागिले ५,०००. आमचा कुरडयांचा खोका ३५ बाय ३० बाय २० चा होता. गुणाकार २१,०००, म्हणजे ४.२ किलो. आत कुरडया दोन किलोसुद्धा नव्हत्या! खोक्याची उंची २० वरून १४ केली, कुरडया आडव्या थरांत रचल्या, मधे कागद घातला, तर तेच वजन २.९४ वर आलं. चटणीला हा त्रास नाही, ती जड आणि आटोपशीर. पण पापड, सांडगे, कुरडया, चिवडा, असा हलका आणि फुगीर माल पाठवणाऱ्यांनी खोका घेताना मोजायची टेप हातात घ्यावी.

पूर्वी काउंटरवरचा माणूस डोळ्यांनी अंदाज करायचा, थोडं इकडंतिकडं चालायचं. आता मोठ्या हबमध्ये खोका पट्ट्यावरून जाता जाता वजन होतं, वरचा सेन्सर लांबी-रुंदी-उंची मोजतो, आणि जादा रक्कम खात्यातून कापली जाते. मोजणी बरोबर असते तेव्हा तक्रार नाही. पण खोका वाटेत दबून फुगला, किंवा शेजारच्या खोक्याला चिकटून गेला, की आकडा वाढतो. एका कुरिअरनं आमच्या एक किलोच्या चटणीला दुपटीचं वजन लावलं होतं. मी प्रत्येक खोका काट्यावर ठेवून, मोजायची टेप लावून फोटो काढते, आणि फोटोत लेबलचा नंबर वाचता येईल असं बघते. तो फोटो पाठवल्यावर कापलेली रक्कम परत आली. नंबर दिसत नसता तर हा आमचाच खोका हे सिद्ध कसं करणार? छापील, स्वच्छ लेबल इथंही कामाला आलं.

आता जे नीट होत नाही त्याबद्दल. पहिली गोष्ट पत्त्याची जागा. कोल्हापूरचा पत्ता घर नंबरवर चालत नाही. अमुक तालमीच्या मागं, तमुक तिकटीवरून आत, देवळासमोरचा दगडी वाडा, असाच तो सांगितला जातो आणि तसाच सापडतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ओळीला अक्षरांची मर्यादा असते आणि खूण नेमकी शेवटी लिहिलेली असते, म्हणजे तीच कापली जाते. मी गिऱ्हाइकांना सांगते, खूण आधी लिहा, सोसायटीचं लांबलचक नाव नंतर. टपाल खात्यानं २७ मे २०२५ ला डिजिपिन आणलंय. दहा अक्षर-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या तुकड्याचा. म्हणजे आमच्या बोळातलं आमचंच दार. पिन गावाचा भाग सांगतो, हा थेट उंबरा सांगेल. खाजगी कुरिअरच्या फॉर्ममध्ये तो रकाना मला अजून दिसलेला नाही. पेठांमधल्या घरांना आणि वाड्या-वस्त्यांना त्याची फार गरज आहे, तो लवकर यावा.

दुसरी गोष्ट ओटीपी. चटणी मागवते हैदराबादची मुलगी, पाठवायची सांगलीला तिच्या आईला. मोबाईल नंबर मुलीचा. दारात डिलिव्हरीवाला उभा, ओटीपी गेला हैदराबादला, मुलगी मीटिंगमध्ये. आजी म्हणतात, "अरे बाळा, माझंच नाव लिहिलंय की त्यावर." तो तरी काय करणार? ओटीपीशिवाय त्याचं अ‍ॅप पुढं सरकत नाही. पार्सल चोरीला जाऊ नये म्हणून ही सोय झाली आणि ती चांगली आहे, पण म्हातारी माणसं तिच्यात धरलेली नाहीत. मी आता ऑर्डर घेतानाच विचारते, दार कोण उघडणार? त्यांचा नंबर द्या. एवढ्यानं बरंच सुटतं.

तिसरी गोष्ट पाऊस. जुलैमध्ये कोल्हापूरचा माणूस सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. गाड्यांना जीपीएस आहे, फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा आहे, किणीच्या टोलनाक्यावर गाडी कधी गेली हे कंपनीला कळतं. पण रस्ताच बंद झाला की ट्रॅकिंगवर एकच ओळ येत राहते, ‘पार्सल मार्गावर आहे’. म्हणून पाणी ३९ च्या जवळ यायला लागलं की मी लेबलं छापायची थांबवते आणि गिऱ्हाइकांना स्वतः मेसेज करते. लेबल छापलं, पिकअप नोंदवला की घड्याळ सुरू होतं आणि उशिराचा राग आपल्यावर निघतो. हा निर्णय कुठलंही सॉफ्टवेअर आपल्यासाठी घेत नाही, आपणच घ्यायचा.

ह्या प्रिंटरवर एक काम अजिबात करू नका: पाऊचवरचं लेबल. घटक पदार्थ, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, हे सगळं छापायचा मोह होतो, कारण यंत्र समोरच असतं. पण चटणी वर्षभर टिकते आणि ती ठेवलेली असते गॅसच्या शेजारी. थर्मल छपाई तिथं दिवाळीपर्यंतसुद्धा टिकणार नाही. तारीख उडाली तर गिऱ्हाइकानं काय समजायचं? पाऊचसाठी छापखान्यातले स्टिकर घ्या, नाहीतर रिबनवर चालणारा प्रिंटर बघा. त्यातली शाई कागदावर बसते, उन्हानं उडत नाही. कुरिअरचं लेबल आठ-दहा दिवस टिकलं तरी काम झालं, थर्मल तेवढ्यासाठीच आहे.

निगा फार नाही. खोबऱ्या-मिरचीची धूळ हेडवर बसते, मग छापलेल्या लेबलवर लांबीनं एक पांढरी रेघ दिसायला लागते. ती रेघ बारकोडमधून गेली की वाचण्यात अडचण येते. प्रिंटर बंद करून, गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हेड पुसा. पुसूनही रेघ राहिली तर ठिपका गेला असं समजायचं आणि हेड बदलायचं. आमचं यंत्र आता मिरच्यांच्या खोलीत नाही, जिन्याखालच्या कपाटात ठेवलंय, तेव्हापासून रेघ दिसलेली नाही. गावातल्याच कॉम्प्युटरच्या दुकानातून घ्या, ऑनलाइन दोन-तीनशे कमी दिसले तरी. रोल सरळ बसवणं, लेबलचं माप ओळखायला लावणं, हे दुकानातला मुलगा समोर करून दाखवतो. आमच्या थोरल्यानं एकदा बघितलं आणि मग मला शिकवलं. आता जाऊबाईसुद्धा रोल बदलतात.

किंमत सात-आठ हजारांच्या घरात पडली. महिन्याला दहा-पंधराच पार्सलं जात असतील तर घेऊ नका. साध्या प्रिंटरवर कागदाची प्रिंट काढा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खोक्यावर चिकटवा. साध्या प्रिंटला तेलाचं इतकं भय नाही, आणि लेझरची असेल तर उन्हाचंही नाही. रोज पार्सलं निघत असतील तर थर्मल घ्या. चटणी, लोणचं, तूप, खर्डा यांतलं काही पाठवत असाल तर पहिल्या दिवसापासून टॉप-कोटेड रोल मागा. दुकानदार "साधाच चालतो हो ताई" म्हणाला, तर त्याच्या समोर लेबलवर तेलाचं बोट लावून दाखवा.